स्पर्धेच्या रोबोटवर इलेक्ट्रॉनिक्स पक्के कसे बसवावे

स्पर्धेसाठी रोबोट तयार करणाऱ्या नव्या संघांचे लक्ष साहजिकच चाके, हात, पकड आणि प्रोग्राम यांच्याकडे असते. कंट्रोलर (प्रोग्राम चालवणारा बोर्ड), मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा भाग) आणि तारा यांच्या वाट्याला सांगाड्यात उरलेली जागा येते आणि शेवटच्या काही दिवसांत हे सारे दुहेरी टेपने कुठेतरी चिकटवले जाते. असा रोबोट टेबलावर उत्तम चालतो. मैदानात पहिली धडक बसली, की कंट्रोलर बंद होऊन पुन्हा सुरू होतो किंवा एका बाजूची चाके थांबतात, आणि मग दोन सामन्यांमधला मोलाचा वेळ प्रोग्राममधला दोष शोधण्यात जातो. टेबलावर चालणारा रोबोट मैदानात बंद पडत असेल, तर पहिला संशय बसवणीवर आणि जोडण्यांवर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

चांगल्या बसवणीच्या दोन अटी असतात. भाग धडकेत जागचा हलता कामा नये, आणि तो बिघडल्यास काही मिनिटांत काढून दुसरा लावता आला पाहिजे. अनेक संघ पहिली अट पाळण्याच्या नादात दुसरी विसरतात. बोर्ड गरम गोंदाने असा चिकटवतात, की तो काढताना त्याच्यावरचे सुटे भागही निघून येतात. पुढील सर्व सूचना या दोन अटींना धरूनच आहेत. सुरुवात मात्र आपल्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेपासून करावी. बॅटरीचा प्रकार, फ्यूज, मुख्य स्विचची जागा आणि तारांची किमान जाडी याबाबत बहुतेक स्पर्धांचे नियम कडक असतात. उदाहरणार्थ, एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन) या शालेय संघांच्या स्पर्धेत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी आणि १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर (वीज तोडणारा स्विच) ठरवून दिलेला आहे, तो ब्रेकर बाहेरून चटकन हाताला लागला पाहिजे, आणि रोबोटचा सांगाडा बॅटरीपासून विद्युतदृष्ट्या वेगळा असावा लागतो.

किती जोर सहन करायचा आहे

अंदाजाने घट्ट करण्यापेक्षा एक साधे गणित करून पाहावे. धडकेतले मंदन, म्हणजे वेग किती झपाट्याने कमी होतो ते, काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागावे. रोबोट सेकंदाला ४ मीटर वेगाने जाऊन भिंतीवर आदळला आणि ४ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर मंदन २०० मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट. ५० ग्रॅमच्या बोर्डाला तेवढ्यापुरता १० न्यूटन जोर बसतो. म्हणजे त्या बोर्डाला सुमारे एक किलोचे वजन टांगल्यासारखे झाले, आणि चार लहान स्क्रू ते सहज पेलतात. पण ६ किलोच्या बॅटरीला त्याच धडकेत १,२०० न्यूटन, म्हणजे सुमारे १२० किलो वजनाइतका जोर बसतो. या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात घेतले, की बॅटरी आणि बोर्ड एकाच पद्धतीने का बसवू नयेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

धडक हा एक भाग झाला. कंप हा दुसरा. मोटर, गिअर आणि खडबडीत चाके यांच्यामुळे रोबोट सतत थरथरत असतो. एका धडकेने न सुटणारा स्क्रू या थरथरीने हळूहळू मागे फिरतो, आणि कनेक्टर केसभर सरकत सरकत सुटतो.

आधी जागा ठरवावी

सांगाड्याचे रेखाटन चालू असतानाच इलेक्ट्रॉनिक्सची जागा राखून ठेवावी. संगणकावर आराखडा करत नसल्यास प्रत्येक भागाच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून सांगाड्यात मांडून पाहावेत. कनेक्टर आणि तारांच्या वळणासाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेला तीन-चार सेंटिमीटर जागा सोडायला विसरू नये, कारण बोर्ड मावतो पण त्यात खोचलेली तार मावत नाही ही अडचण फार वेळा येते.

मांडणीचा क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी बॅटरी, कारण ती सर्वांत जड असते. ती शक्य तितकी खाली आणि चाकांच्या मध्ये असावी. त्यानंतर मुख्य स्विच किंवा ब्रेकर, जो बाहेरून हाताला लागेल पण प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने दाबला जाणार नाही. मग वीज वाटप करणारा भाग बॅटरीच्या जवळ, म्हणजे सर्वाधिक विद्युतप्रवाह वाहणाऱ्या जाड तारा आखूड राहतात. मोटर ड्रायव्हर त्याच्या आसपास. कंट्रोलर सर्वांत सुरक्षित जागी, बाहेरच्या कडेपासून आत. वायरलेस रेडिओ मात्र धातूच्या पेटीत किंवा मोटरला लागून बसवू नये. धातू संदेश अडवतो. त्याला उंचावर, मोकळ्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाखाली जागा द्यावी.

जागा नक्की करण्यापूर्वी रोबोटचे सर्व हलते भाग हाताने पूर्ण टोकापर्यंत फिरवून पाहावेत. हात पूर्ण खाली आल्यावर तो कंट्रोलरवर टेकतो, ही गोष्ट पुठ्ठ्यावर कळलेली बरी. प्रत्येक स्क्रूपर्यंत पेचकस सरळ पोहोचतो का, प्रोग्राम घालण्याची यूएसबी जागा उघडी राहते का, आणि बोर्डावरचे दिवे बाहेरून दिसतात का, हेही याच वेळी पाहावे. दिवे दिसत असतील तर निम्मे निदान काहीही न उघडता होते.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी पाटी

प्रत्येक बोर्ड सांगाड्याला स्वतंत्रपणे जोडण्याऐवजी सर्व बोर्ड एका सपाट पाटीवर बसवावेत आणि ती पाटी चार-सहा बोल्टने सांगाड्याला जोडावी, असा माझा आग्रह असतो. यामुळे बोर्डांची जोडणी टेबलावर, नीट उजेडात करता येते. सांगाड्याचे कापकाम चालू असताना पाटी बाजूला ठेवता येते. आणि मोठी दुरुस्ती निघाली तर संपूर्ण पाटी बाहेर काढता येते.

पाटीसाठी ३ मिलिमीटर जाडीचे पॉलिकार्बोनेट उत्तम. ते वीजवाहक नाही, धडकेत वाकते पण तुटत नाही. दिसायला सारखेच असणारे अॅक्रिलिक मात्र टाळावे. भोकाच्या कडेपासून त्याला तडा जातो आणि एका धक्क्यात तुकडा निघतो. चांगल्या प्रतीचे प्लायवूडही चालते. अॅल्युमिनियम वापरायचे असेल तर बोर्ड आणि पाटी यांच्यात विद्युतरोधक अंतर ठेवावेच लागेल. कार्बन फायबर प्लॅस्टिकसारखे दिसत असले तरी ते वीजवाहक असते, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यावर उघडा बोर्ड ठेवल्यास शॉर्ट होऊ शकतो.

भोके पाडण्याचे सर्व काम बोर्ड लावण्याआधी पूर्ण करावे. मापे पट्टीने घेण्यापेक्षा बोर्डाच्या अधिकृत आरेखनातून घ्यावीत. पूर्ण आकाराच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची चार भोके ५८ बाय ४९ मिलिमीटरच्या आयतात असतात आणि त्यांत एम २.५ चे स्क्रू बसतात. आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाची भोके साध्या आयतात नाहीत, आणि त्यांतले एक पिनांच्या पट्टीच्या इतके जवळ आहे, की तिथे रुंद डोक्याचा स्क्रू बसत नाही; लहान डोक्याचा किंवा नायलॉनचा स्क्रू घ्यावा लागतो. भोक पाडल्यावर कड कानशीने किंवा मोठ्या ड्रिलच्या टोकाने साफ करावी. रोबोटवर बोर्ड बसलेले असताना धातूला भोक पाडण्याची वेळ आलीच, तर बोर्ड कापडाने पूर्ण झाकावेत आणि नंतर कीस ब्रशने व व्हॅक्यूमने काढावा. फुंकर मारू नये. फुंकरीने कीस नेमका पिनांच्या खाली जाऊन बसतो.

बोर्ड बसवणे

बोर्ड पाटीवर थेट टेकवू नये. त्याच्या खालच्या बाजूला सोल्डर केलेल्या पिनांची टोके असतात. पाटीवर दाबली गेल्यास ती वाकतात, आणि पाटी धातूची असेल तर शॉर्ट होते. म्हणून प्रत्येक भोकाखाली किमान ५ ते ६ मिलिमीटर उंचीचा स्टँडऑफ (बोर्ड वर उचलून धरणारा छोटा खांब) लावावा. नायलॉनचे स्टँडऑफ वीज वाहत नाहीत, पण जास्त पिळल्यास त्यांचे आटे जातात; पितळी स्टँडऑफ मजबूत असतात, पण त्यांच्याजवळून बोर्डावरची एखादी तांब्याची रेघ जात असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा लागतो. लहान, हलक्या बोर्डांना नायलॉन पुरेसे असते.

स्क्रू लावताना चारही आधी दोन-तीन आटे सैल बसवावेत, बोर्ड कुठेही ताणला जात नाही याची खात्री करावी, आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने घट्ट करावेत. भोके किंचित चुकली असतील तर बोर्ड ओढूनताणून बसवू नये. पाटीवरचे भोक मोठे करावे. वाकलेल्या अवस्थेत बसलेला बोर्ड टेबलावर चालतो, पण त्याच्यावरचे लहान सिरॅमिक कपॅसिटर आणि सोल्डरचे सांधे सतत ताणाखाली राहतात आणि कंपाने त्यांना सूक्ष्म चिरा पडतात. असा दोष डोळ्यांना दिसत नाही, अधूनमधून प्रकट होतो, आणि म्हणूनच शोधायला सर्वांत कठीण असतो.

स्क्रू मागे फिरू नये म्हणून नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट वापरावेत. नट पूर्ण बसल्यावर बोल्टचे एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर नायलॉनच्या कडीने बोल्ट धरलेलाच नसतो. नट बसवायला जागा नसेल आणि स्क्रू धातूच्या आट्यांत जात असेल, तर मध्यम ताकदीचा, निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा द्रव गोंद) एक थेंब लावावा. लाल प्रकार तापवल्याशिवाय सुटत नाही, तो इथे नको. थ्रेडलॉकर पॉलिकार्बोनेटला लागू देऊ नये. त्यातल्या रसायनाने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि मजबूत म्हणून निवडलेली पाटी भोकापाशीच फुटते.

काही भागांना भोकेच नसतात. त्यांच्यासाठी थ्रीडी प्रिंट केलेला साचा करावा, ज्यात भाग चारही बाजूंनी अडेल आणि वरून पट्टी किंवा झाकण येईल. पीएलए हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे तापणाऱ्या भागांसाठी पीईटीजी घ्यावे. हलक्या भागांना ड्युअल लॉकसारखी, एकमेकांत अडकणाऱ्या टोप्यांची पट्टी चांगली. साध्या वेल्क्रोपेक्षा तिची पकड पुष्कळ घट्ट असते आणि तरी भाग ओढून काढता येतो.

चिकटपट्टी कोणतीही असो, तिचे यश पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर आणि वेळेवर अवलंबून असते. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करावेत, पट्टी जोराने दाबावी, आणि तिला वेळ द्यावा. उत्तम दर्जाच्या अॅक्रिलिक फोम टेपचीही पूर्ण पकड साधारण तापमानाला येण्यास ७२ तास लागतात. पहिल्या वीस मिनिटांत ती निम्मीच असते. सामन्याआधी घाईने लावलेली टेप सामन्यात निघते ती यामुळे. जड भागांना टेप हा एकमेव आधार कधीच नसावा.

बॅटरी

बॅटरीला सहाही दिशांनी अडथळा हवा. खाली पाटी, चार बाजूंना भिंती किंवा कोन, आणि वरून न ताणला जाणारा पट्टा किंवा धातूची आडवी पट्टी, अशी रचना करावी. भिंतींनी आडवा जोर घ्यावा आणि पट्ट्याने फक्त वर उसळणे रोखावे. सगळा जोर पट्ट्यावर टाकला तर तो कधीतरी सरकतोच. रबरी ताणाचे पट्टे वापरू नयेत. रोबोट उलटू शकतो असे गृहीत धरूनच बॅटरीची जागा तयार करावी.

लिथियम पॉलिमर बॅटरीची बाब अधिक गंभीर आहे. तिचे आवरण मऊ पिशवीचे असते आणि आत टोकदार वस्तू शिरल्यास आग लागू शकते. तिच्या खोबणीत कोणत्याही स्क्रूचे टोक किंवा धातूची धारदार कड येऊ देऊ नये, सर्व बाजूंनी पातळ फोम लावावा, आणि पिशवीवर थेट झिप टाय आवळू नये. बॅटरी किंचित फुगू शकते, म्हणून जागा अगदी तंग ठेवू नये. फोम ती पोकळी भरून काढतो. फुगलेली किंवा खड्डा पडलेली बॅटरी मात्र रोबोटवर चढवूच नये.

तारा आणि कनेक्टर

बोर्ड कितीही पक्के बसवले तरी बिघाड बहुतेक वेळा तारेच्या टोकाशी होतो, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. मूळ तत्त्व एकच आहे: कनेक्टरने वीज वाहावी, ओढ सोसू नये. ओढ सोसण्याचे काम तारेच्या बांधणीचे. प्रत्येक तार कनेक्टरपासून सुमारे ५ सेंटिमीटरच्या आत पाटीला बांधलेली असावी, आणि बांधणी व कनेक्टर यांच्यामध्ये तार थोडी सैल, हलके वळण घेऊन जावी. मग कोणी तारेला हिसका दिला तरी तो बांधणीपाशी थांबतो. झिप टाय अडकवण्याचे चिकट ठोकळे मिळतात. त्यांच्या मधल्या भोकातून स्क्रूही घालावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे पाटीतच शेजारी शेजारी दोन भोके पाडून त्यांतून झिप टाय ओवणे. टायचे उरलेले शेपूट अगदी मुळाशी सपाट कापावे. तिरके कापलेले टोक हाताला कापते आणि शेजारच्या तारेचे आवरणही.

स्क्रूने दाबल्या जाणाऱ्या टर्मिनलमध्ये तारेचे टोक सोल्डरने भिजवून घालण्याची सवय घातक आहे. सोल्डर मऊ असतो; दाबाखाली तो हळूहळू पसरतो, स्क्रूची पकड कमी होते, सांधा तापतो आणि मग आणखी सैल होतो. शिवाय जिथे सोल्डर संपतो आणि मोकळे तंतू सुरू होतात तिथेच कंपाने तार तुटते. त्याऐवजी टोकावर योग्य मापाची फेरूल (धातूची छोटी नळी) चढवून ती तिच्या पक्कडीने दाबावी. लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) किंवा कनेक्टरची पिन क्रिम्प केल्यावर, म्हणजे पक्कडीने दाबून बसवल्यावर, तार हाताने जोरात ओढून पाहावी. हाताच्या ओढीने जी निघते ती मैदानात निघणारच होती, तेव्हा ती टेबलावर निघाली तर वाईट वाटून घेऊ नये.

कनेक्टर शक्यतो खिट्टीने अडकणारे घ्यावेत. साध्या पिनांवर खोचलेल्या सुट्या जंपर तारा प्रयोगशाळेपुरत्या ठीक आहेत, स्पर्धेच्या रोबोटवर त्यांना जागा नाही. सेन्सरसाठी त्याच वापराव्या लागल्या तर त्या एका सलग कनेक्टरमध्ये एकत्र कराव्यात आणि खोचल्यावर सांध्याला गरम गोंदाचा लहान ठिपका द्यावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडल्यावर हा गोंद सहसा स्वच्छ सुटतो. यूएसबी तारेला खिट्टी नसते, म्हणून तिच्या डोक्याला मागून अडवणारा छोटा कोन पाटीवरच बसवावा. कॅन बसची (अनेक भागांमध्ये संदेश नेणाऱ्या सामाईक जोडणीची) तार एका भागातून दुसऱ्या भागात साखळीने जात असेल, तर मधला एक कनेक्टर सुटल्यावर त्याच्यापुढचे सर्व भाग एकदम गप्प होतात. तिथली बांधणी दुप्पट काळजीने करावी.

धातूच्या भोकातून तार जात असेल तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारी कडी) घालावे. फिरणाऱ्या सांध्याजवळ तारेला पुरेसे वळण ठेवावे आणि सांधा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती कुठे ताणली किंवा चिमटली जात नाही ना हे पाहावे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण सामन्याच्या दहा मिनिटे आधी मोटर ड्रायव्हर बदलताना त्याची किंमत कळते.

उष्णता, स्थिर वीज आणि जायरोस्कोप

मोटर ड्रायव्हर तापतात. त्यांच्याभोवती किमान एक-दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवरून तारांचे जुडगे नेऊ नये. एल२९८एनसारखे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर बरीच वीज उष्णतेतच घालवतात, त्यांना बंद डब्यात ठेवू नये.

फोमच्या चटयांवर चाके घासल्याने रोबोटवर स्थिर वीज साठते आणि धातूच्या कडेला टेकताच ती उडी मारून कंट्रोलर किंवा यूएसबीचा संपर्क तोडू शकते. बोर्ड विद्युतरोधक पाटीवर आणि धातूच्या कडांपासून दूर बसवले, तर हा धोका बराच कमी होतो.

जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) रोबोटच्या मध्यभागीच हवा असा समज आहे. कडक सांगाड्यावर फिरण्याचा वेग सर्व बिंदूंना सारखाच असतो, त्यामुळे केवळ दिशा मोजायची असेल तर जागेने फरक पडत नाही. तो मोटरच्या कंपापासून दूर, सपाट आणि पक्का बसणे महत्त्वाचे. त्वरणमापक वापरणार असाल तर मात्र मध्य गाठावा. चुंबकीय होकायंत्र असल्यास त्याला जाड तारा आणि मोटर यांच्यापासून शक्य तितके लांब ठेवावे.

बसवणीची परीक्षा

सर्व जोडून झाल्यावर आणि बॅटरी लावण्यापूर्वी मल्टिमीटरने सांगाडा आणि वीजवाटपाचे धन व ऋण टोक यांच्यात संपर्क नाही हे तपासावे. मग बॅटरी तिच्या जागी बसवावी, पण तिचा कनेक्टर जोडू नये, आणि दोघांनी रोबोट उचलून पूर्ण उलटा करावा आणि हलवावा. खडखडाट आला तर तो कुठून येतो हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुधा एखादा वॉशर किंवा स्क्रू आत पडलेला असतो. रोबोट सरळ ठेवून प्रत्येक कनेक्टर बोटांनी हलके ओढून पाहावा.

नंतर रोबोट चालू करून, चाके जमिनीपासून वर असताना, बोटांनी एकेक तारजुडगा हलवत आणि पाटीवर रबरी हातोडीने हलके ठोके देत बोर्डावरच्या दिव्यांकडे पाहावे. यावेळी हात, कपडे आणि केस फिरणाऱ्या भागांपासून दूर असावेत. ज्या ठोक्याला दिवा लुकलुकतो त्याच्या आसपासच दोष असतो. हे समाधानकारक झाल्यावर सराव मैदानावर रोबोट मुद्दाम भिंतीवर काही वेळा आदळावा, आधी हळू आणि मग सामन्यातल्या वेगाने.

शेवटी प्रत्येक महत्त्वाच्या नटावर आणि त्याच्या शेजारच्या पाटीवर सलग जाईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढावी. नट थोडाही फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून पाहावे लागत नाही. दोन सामन्यांच्या मध्ये एका ठरावीक व्यक्तीने या रेघा, बॅटरीचा पट्टा, बॅटरीच्या टर्मिनलचे बोल्ट आणि कंट्रोलरचे कनेक्टर याच क्रमाने पाहावेत, आणि पाहून झाल्यावरच रोबोट पुढच्या सामन्याला न्यावा.